ब्रिटनमधील सुटीघरांचे पंचांग

नाताळ आणि नववर्षदिन उरकलेले असतात. लंडनमध्ये सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजतात न वाजतात तोच मावळतो. बाहेर झिमझिम पाऊस आणि हाडांपर्यंत पोहोचणारी ओलसर थंडी. घरात सणाच्या खर्चाचा हिशेब. अशा ह्या उदास दिवसांत बर्मिंगहॅम किंवा मँचेस्टरसारख्या शहरातील सामान्य कुटुंबात एक चर्चा हटकून सुरू होते : येत्या ऑगस्टमध्ये समुद्रकाठी घर कोठे घ्यावयाचे? घर घ्यावयाचे म्हणजे विकत नव्हे, एका आठवड्यापुरते भाड्याने. कॉर्नवॉलचा किनारा बरा की वेल्सचा, कुत्रा बरोबर नेता येईल की नाही, आजीला जिना चढवेल काय, अशा प्रश्नांचा खल होतो आणि जानेवारी संपण्यापूर्वी इसाराची रक्कम भरलीही जाते. ज्या महिन्यात समुद्राकडे पाहण्याचीही कोणाला इच्छा होत नाही, त्याच महिन्यात समुद्रकाठच्या घरांची नोंदणी धडाक्याने चालते.

ब्रिटनमधील सुटीघरांच्या व्यवसायाला असे दोन हंगाम आहेत. एक राहण्याचा आणि दुसरा नोंदणीचा. वरवर पाहणाऱ्यास असे वाटेल की, राहण्याचा हंगाम सूर्य ठरवितो आणि नोंदणीचा हंगाम माणसाची लहर ठरविते. वस्तुतः दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. ह्या व्यवसायाचे पंचांग मुळात गिरण्यांनी मांडले, पार्लमेंटने त्यात वेळोवेळी दुरुस्त्या केल्या आणि आज ते बव्हंशी शाळांच्या हाती आहे. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न केवळ सहलीपुरता मर्यादित नाही. त्यात कामगाराची रजा, मुलाचे शिक्षण आणि खेड्यातील माणसाचे राहते घर ह्या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

प्रथम सुटीघर म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे. हॉटेलात खोली मिळते आणि जेवणाचीही सोय होते. सुटीघरात स्वयंपाकघर, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि बसण्याउठण्याच्या खोल्या मिळतात. चूल मात्र पाहुण्याने स्वतः पेटवावयाची असते. कॉर्नवॉल व डेव्हन ह्या नैर्ऋत्येकडील परगण्यांत कोळ्यांची जुनी दगडी घरे, सरोवरांच्या प्रदेशात मेंढपाळांच्या झोपड्या, यॉर्कशायरच्या खोऱ्यांत धान्याची कोठारे, वेल्सच्या डोंगरांत शेतकऱ्यांची आडघरे, अशा नानाविध वास्तू आज ह्या कामी आल्या आहेत. काही घरे शेतकऱ्यांची, काही वारसाहक्काने मिळालेली, तर काही केवळ भाड्याच्या उत्पन्नासाठी विकत घेतलेली असतात. मालक आणि पाहुणा ह्यांच्यामध्ये बहुधा एखादी अडत कंपनी असते. पूर्वी ती छापील सूचिपत्रके घरोघर पाठवीत असे, आता सर्व व्यवहार संगणकावर चालतो.

ह्या व्यवसायात विकावयाचा माल म्हणजे रात्र. भाजीवाला संध्याकाळी उरलेल्या जुड्या स्वस्तात देऊन टाकतो, कारण सकाळी त्यांना कोणी विचारणार नसते. सुटीघराच्या मालकाची अवस्था त्याच जातीची, पण अधिक कठीण असते. रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी कोणत्याही भावाने विकता येत नाही. आणि गिऱ्हाइकांची झुंबड उडाली म्हणून ऑगस्टच्या रात्री वाढविताही येत नाहीत. तेव्हा साऱ्या धंद्याचे गणित एकाच प्रश्नावर येऊन ठेपते. लोकांना घर सोडून बाहेर पडण्याची मोकळीक केव्हा असते?

हवा केव्हा चांगली असते, हा तो प्रश्न नव्हे. वर्षातील सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास येतो. त्या वेळी लंडनमध्ये सुमारे साडेसोळा तास उजेड असतो. ऑगस्टअखेर तो साडेतेरा तासांवर येतो. ब्रिटनच्या बऱ्याच भागांत वसंतऋतूचे महिने ऑगस्टपेक्षा कोरडे जातात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तर स्वच्छ उन्हाचे दिवस मे आणि जूनमध्येच अधिक लाभतात. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये 'मिज' नावाची चिलटे थव्याथव्याने माणसाला भंडावून सोडतात. सूर्याच्या हाती हंगाम असता, तर सुटीघरांचे दर जूनमध्ये शिगेला पोहोचले असते. प्रत्यक्षात ते शिगेला पोहोचतात जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत. ह्याचे कारण आकाशात शोधून सापडावयाचे नाही. ते इतिहासात आहे.

ज्या लँकेशायरच्या कापडाने एके काळी हिंदुस्थानच्या बाजारपेठा भरून टाकल्या, त्याच लँकेशायरच्या गिरणगावांत 'वेक्स' नावाची जुनी जत्रा भरत असे. मुळात ती गावच्या चर्चच्या संतपुरुषाची. म्हणजे आपल्याकडील ग्रामदैवताच्या जत्रेसारखीच. जत्रेच्या दिवसांत कामगार कामावर फिरकत नाहीत हे ध्यानी येताच मालकांनी त्या आठवड्यात गिरणीच बंद ठेवण्याचा शहाणपणा दाखविला. बॉयलरांची साफसफाई आणि यंत्रांची दुरुस्तीही त्यातच उरकू लागली. १८४६ मध्ये ब्लॅकपूलला रेल्वे पोहोचली आणि पुढे गिरणगावांच्या जत्रा समुद्रकिनाऱ्यावर जाऊ लागल्या. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा असे. एका आठवड्यात एक गाव ओस पडे आणि ते सारेच्या सारे ब्लॅकपूलच्या वाळूत भेटे. पुढच्या आठवड्यात त्याची जागा दुसरे गाव घेई. ह्या आठवड्याचा पगार मिळत नसे. म्हणून कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडी थोडी रक्कम भिशीसारख्या मंडळात जमा करीत आणि सुटीच्या तोंडावर ती उचलीत. आगाऊ बेत आखणे आणि आगाऊ पैसा बाजूला काढणे ही आजच्या जानेवारीतील नोंदणीची रीत पाहिली, तर तिचे एक मूळ ह्या गिरणीकामगारांच्या काटकसरीत सापडेल.

ह्यानंतर पार्लमेंटने पंचांगात हात घातला. सर जॉन लबक हे पेढीवाले, कीटकशास्त्राचे अभ्यासक आणि डार्विनचे स्नेही होते. त्यांच्या पुढाकाराने १८७१ मध्ये बँकांच्या सुट्यांचा कायदा झाला आणि इंग्लंड-वेल्समध्ये ऑगस्टचा पहिला सोमवार सार्वजनिक सुटीचा ठरला. कायद्याने ऑगस्टला दिलेली ही पहिली मोहोर होय. १९३६ मध्ये बिली बटलिन ह्यांनी पूर्व किनाऱ्यावरील स्केगनेस येथे सामान्य कुटुंबांसाठी सुटीची छावणी उघडली. १९३८ मध्ये पगारी रजेचा कायदा संमत झाला आणि लाखो श्रमिकांना वर्षातून एक आठवडा पगारासह मोकळा मिळण्याचा मार्ग खुला झाला. महायुद्धामुळे त्याची फळे काहीशी उशिरा हाती आली. पण आली तेव्हा किनारे माणसांनी फुलून गेले.

शनिवारी निघावयाचे आणि पुढील शनिवारी परतावयाचे ही रूढी त्या काळात पक्की झाली आणि सुटीघरांनी ती जशीच्या तशी उचलली. आजही ऐन हंगामात कित्येक घरे शनिवार ते शनिवार किंवा शुक्रवार ते शुक्रवार अशीच दिली जातात. सकाळी दहाच्या सुमारास जुने पाहुणे निघतात, दुपारी चारच्या सुमारास नवे येतात; मधल्या पाचसहा तासांत गावातील बायाबापड्या चादरी बदलतात, चुली घासतात, फरशा पुसतात. त्याच तासांत नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागतात. एका प्रदेशाची घरे एकाच दिवशी रिकामी व्हावीत आणि एकाच दिवशी भरावीत, ही व्यवस्था मालकाच्या सोयीची खरी. पण तिचा भार रस्त्यांवर आणि सफाई करणाऱ्या हातांवर पडतो.

ही गर्दी शासनालाही खुपू लागली होती. उन्हाळ्यातील सुट्या विखरून द्याव्यात कशा, ह्यावर १९६३ मध्ये एक श्वेतपत्रिका निघाली. पुढच्या वर्षी व्यापारमंडळाचे प्रमुख एडवर्ड हीथ ह्यांनी घोषणा केली की, ऑगस्टची बँक-सुटी पहिल्या सोमवारऐवजी महिन्याच्या अखेरीस नेऊन पाहावी. १९६५ पासून हा प्रयोग सुरू झाला आणि १९७१ च्या कायद्याने शेवटचा सोमवार कायम झाला. स्कॉटलंडने मात्र आपला पहिला सोमवार सोडला नाही. हेतू असा होता की, हंगामाच्या मध्यावर आणखी एक सुटी टाकून गर्दीत भर घालण्यापेक्षा ती शेवटास न्यावी, म्हणजे हंगाम लांबेल. ऑगस्टच्या अखेरच्या दिवसांना त्यामुळे एक आकर्षण लाभले. पण हंगामाचा भार ऑगस्टच्या खांद्यावरून उतरला नाही.

शासनाला जे कायद्याने साधले नाही, ते ब्लॅकपूलने दिव्यांनी काही अंशी साधले. तेथे १८७९ मध्ये आठ विद्युद्दीप लावून लोकांना चकित करण्यात आले होते. पुढे १९१२ पासून किनाऱ्याच्या रस्त्यावर रोषणाईची परंपरा सुरू झाली. ही रोषणाई ऑगस्टच्या अखेरीस उजळते आणि पूर्वी ती नोव्हेंबरच्या आरंभी मालवत असे; २०२० पासून तिची मुदत नववर्षापर्यंत लांबविण्यात आली. दिवस लहान होऊ लागले म्हणजे पर्यटक घरी परततात, हे खरे. पण लहान दिवसांचे मोठे अंधारच विकावयास काढले, तर तेच पर्यटक परत येतात, हे ब्लॅकपूलने ओळखले.

गिरण्या मागे पडल्या, वेक्सचे आठवडे ओसरले, आणि त्यांची जागा शाळेच्या घंटेने घेतली. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांचे शालेय वर्ष १९० दिवसांचे धरतात. आठवड्याचे पाच दिवस मोजले, तर ते अडतीस आठवडे भरतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे पाच दिवस धरून एकोणचाळीस. म्हणजे बावन्न आठवड्यांपैकी सुमारे तेरा आठवडे सुटीचे. त्यांत जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत सुमारे सहा आठवड्यांची उन्हाळी सुटी, नाताळ व ईस्टर ह्यांच्या साधारण दोन-दोन आठवड्यांच्या सुट्या आणि ऑक्टोबर, फेब्रुवारी व मे महिन्यांत सत्राच्या मध्यावर एकेक आठवडा, अशी विभागणी असते. स्कॉटलंडच्या शाळा जूनच्या अखेरीस बंद होतात आणि ऑगस्टच्या मध्यास उघडतात. त्यामुळे तेथील कुटुंबांचा महिना जुलै आणि इंग्लंडमधील कुटुंबांचा महिना ऑगस्ट. दोन राज्यांच्या शाळा एकाच तारखेला सुटत नाहीत, ह्याचा सुटीघरांच्या मालकांना केवढा आधार आहे, हे सांगावयास नको.

शाळेचे हे बंधन २०१३ पासून अधिक आवळले गेले. त्यापूर्वी इंग्लंडमधील मुख्याध्यापकांना विशेष कारणासाठी सत्र चालू असतानाही कौटुंबिक सहलीला काही दिवसांची रजा देता येत असे. सप्टेंबर २०१३ पासून केवळ अपवादात्मक परिस्थितीतच रजा द्यावी, असा नियम झाला. वाइट बेटावरील एका पित्याने आपल्या मुलीला सत्र चालू असताना सहलीस नेले आणि दंड भरण्याचे नाकारले. खालच्या न्यायालयांत त्याचा जय झाला. पण एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय त्याच्याविरुद्ध दिला. जे बेट स्वतः सुटीच्या पाहुण्यांवर जगते, त्याच बेटावरून हा वाद निघावा, ह्यात नियतीचा थोडा विनोद आहे.

ऑगस्ट २०२४ पासून हा दंड प्रत्येक पालकामागे व प्रत्येक मुलामागे ८० पौंड आहे. एकवीस दिवसांत न भरल्यास तो १६० होतो. दोन पालक आणि दोन मुले असलेल्या घराला त्याचा आकडा ३२० पौंड पडतो. आता एखाद्या चतुर गृहस्थाने असा हिशेब मांडला की, जूनमधील घर आणि ऑगस्टमधील घर ह्यांच्या भाड्यातील तफावत ह्या दंडाहून अधिक आहे, तर त्याला दंड हाच स्वस्त सौदा वाटेल. म्हणूनच नियमकर्त्यांनी तीन वर्षांत दुसऱ्यांदा अपराध घडल्यास सरसकट १६० पौंड आणि त्यापुढे खटल्याची शक्यता अशी पायरी बांधली आहे. ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना सत्य आहे. वर्ग अर्धा रिकामा असेल तर शिक्षकाने शिकवावे कसे? आणि ज्याच्या कुटुंबाला वर्षातून एकदाच समुद्र पाहावयाचा आहे, त्याने तो सर्वांत महाग आठवड्यातच का पाहावा? श्रीमंतास ऑगस्ट परवडतो, निवृत्तास जून मोकळा असतो. मधल्या मध्ये सापडतो तो मुलाबाळांचा सामान्य पगारदार.

ह्या पार्श्वभूमीवर नोंदणीचे वर्ष उलगडून पाहिले, तर जानेवारीचे कोडे सुटते. ऑगस्टचे आठवडे मोजके, त्यांना मागणी मोठी आणि मनाजोगे घर एकच. चार शयनगृहांचे, समुद्र दिसणारे घर हवे असणारे कुटुंब उशीर करूच शकत नाही. नव्या वर्षाच्या आरंभी अनेक कचेऱ्यांत रजेचेही नवे वर्ष सुरू होते. रजेचा अर्ज आणि घराचा इसार एकाच आठवड्यात भरले जातात. इसार हा एकूण भाड्याचा काही हिस्सा असतो आणि उरलेली रक्कम साधारणतः मुक्कामाच्या दोन महिने आधी द्यावी लागते. मालकाच्या दृष्टीने जानेवारीची ही आवक म्हणजे रोहिणीचा पाऊस. त्यावरून त्याला वर्षाचा अंदाज येतो आणि रंगरंगोटीचा खर्चही भागतो.

फेब्रुवारीत ही लाट ओसरते आणि ईस्टरचे वेध लागतात. ईस्टर चांद्रगणितावर चालतो. तो २२ मार्च ते २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान कोठेही येतो. तो उशिरा आला तर हवा ऊबदार मिळण्याची शक्यता वाढते. लवकर आला तर किनाऱ्यावर हुडहुडी भरते. मे व जून हे महिने जोडप्यांचे, निवृत्तांचे आणि डोंगर चढणाऱ्यांचे. ह्यांची नोंदणी बहुधा उशिरा होते, कारण ह्या मंडळींना घाई नसते. हवामानाचा रंग पाहून ती निघतात. उन्हाळ्यात जी घरे उरतात, ती शेवटच्या पंधरवड्यात भाव उतरवून दिली जातात. सप्टेंबरमध्ये शाळा उघडतात आणि दर खाली येतात, मात्र समुद्राचे पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असते. ऑक्टोबरच्या मधल्या सुटीत एक लहान उसळी येते. मग काळोखाचे आठवडे, आणि शेवटी नाताळ व नववर्षासाठी मोठ्या घरांना पुन्हा चढा भाव.

उशिरा नोंदणी करणाऱ्यांवर हवामानाचा अंमल चालतो. पण हवामान हे विश्वासू साक्षीदार नव्हे. २००९ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या हवामान खात्याने उन्हाळा अंगणात मांस भाजण्यास योग्य असा जाण्याचा संभव वर्तविला होता. प्रत्यक्षात जुलै पावसात गेला. खात्यावर टीकेची झोड उठली आणि मार्च २०१० मध्ये संपूर्ण ऋतूचे असे अंदाज जनतेसाठी प्रसिद्ध करण्याची प्रथा त्याने बंद केली. सहा महिने आधी इसार भरणारे कुटुंब ह्या बाबतीत अधिक धीराचे म्हणावे लागेल. पावसाची शक्यता गृहीत धरूनच ते घर घेते.

गेल्या काही दशकांत रजेचे स्वरूप बदलले आणि त्यासरशी नोंदणीचेही बदलले. १९३८ मध्ये एका आठवड्याचे अप्रूप होते. आज कायद्याने पूर्णवेळ नोकराला वर्षाला अठ्ठावीस दिवसांची पगारी रजा मिळते, आणि बँक-सुट्या त्यातच धरता येतात. एवढी रजा हाती असली म्हणजे माणूस ती तुकड्यातुकड्यांनी खर्च करतो. त्यातून शुक्रवार ते सोमवार तीन रात्री किंवा सोमवार ते शुक्रवार चार रात्री अशा छोट्या मुक्कामांची प्रथा वाढली. मोठी रजा परदेशी जाते, छोटी स्वदेशात राहते. १९५० मध्ये व्लादिमीर राइट्झ ह्यांनी ब्रिटिश प्रवाशांना भाड्याच्या विमानाने कॉर्सिका बेटावर नेले, तेव्हापासून भूमध्य समुद्राचे ऊन ब्रिटिश किनाऱ्याशी स्पर्धा करीत आहे, आणि त्या उन्हाला पावसाची भीती नाही.

ही स्पर्धा एकदाच थांबली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देश बंद झाला. इंग्लंडमधील सुटीघरे ४ जुलै २०२० रोजी पुन्हा उघडली. तिसऱ्या बंदीच्या काळात २२ फेब्रुवारी २०२१ रोजी पंतप्रधानांनी निर्बंध उठविण्याचे टप्पे जाहीर केले आणि स्वतंत्र सुटीघरे १२ एप्रिलपासून उघडतील असे सांगितले. त्या घोषणेसरशी नोंदणीला अशी उसळी आली की, जानेवारीची नेहमीची लाट त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस येऊन आदळली. परदेशाचे दार बंद, खिशात न खर्चलेला पैसा आणि मनात कोंडलेली ओढ, असा तो योग होता. नोंदणीचा हंगाम ऋतूवर नव्हे तर मोकळिकीवर अवलंबून असतो, ह्याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

आता ह्या पंचांगाची दुसरी बाजू. सहा आठवडे गजबजणारे घर हिवाळ्यात अंधारे असते. एका गल्लीत अशी दोन घरे असतील तर बिघडत नाही. पण दहांपैकी सहा घरांत दिवा लागेनासा झाला, म्हणजे शाळेतील मुले घटतात, वाण्याचे दुकान मिटते, आणि ज्या तरुणाने त्या गावात चादरी बदलून किंवा मासे धरून पोट भरावे, त्यालाच तेथे घर परवडत नाही. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज ह्या गावाने मे २०१६ मध्ये सार्वमत घेतले. नवी घरे बांधली जातील ती कायम वास्तव्यासाठीच वापरली जावीत, ह्या अटीच्या बाजूने ऐंशी टक्क्यांहून अधिक मते पडली.

शासनानेही रात्री मोजावयास सुरुवात केली आहे. सुटीघर हा खरा व्यवसाय आहे की धनिकाचे दुसरे घर, हे ठरविण्याची कसोटी भरलेल्या रात्रींवर बेतली गेली. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून व्यवसाय म्हणून गणले जाण्यासाठी घर वर्षातून १४० रात्री उपलब्ध असले पाहिजे आणि ७० रात्री प्रत्यक्ष भाड्याने गेले पाहिजे, असा नियम झाला. वेल्सने त्याच वेळी हीच मर्यादा २५२ आणि १८२ रात्रींवर नेली. शिवाय दुसऱ्या घरावर नेहमीच्या स्थानिक करावर तीनशे टक्क्यांपर्यंत अधिभार बसविण्याचा अधिकार वेल्समधील स्थानिक परिषदांना मिळाला. सुटीघरांच्या उत्पन्नाला १९८४ च्या कायद्याने मिळालेल्या खास करसवलतीही एप्रिल २०२५ मध्ये संपुष्टात आल्या.

ह्या आकड्यांचा अर्थ शालेय पंचांगाशी ताडून पाहिला म्हणजे उमगतो. शाळांना वर्षात सुमारे तेरा आठवडे सुटी, म्हणजे एक्याण्णव रात्री. त्यातील बहुतेक रात्री भरल्या, तर इंग्लंडमधील मालकाची सत्तर रात्रींची अट पुरी होते. उरलेल्या वर्षात घर रिकामे राहिले तरी बिघडत नाही, फक्त ते एकूण १४० रात्री उपलब्ध असले म्हणजे झाले. वेल्समधील मालकाने मात्र शालेय सुटीची प्रत्येक रात्र भरली तरी तो अर्ध्याच वाटेवर पोहोचतो. उरलेल्या एक्याण्णव रात्री त्याला शाळेशी संबंध नसलेल्या माणसांतून मिळवाव्या लागतात : निवृत्त जोडपी, पक्षिनिरीक्षक, डोंगरयात्री, कुत्रे घेऊन फिरणारे एकटे जीव. म्हणजे १९६३ च्या श्वेतपत्रिकेला जे उपदेशाने घडवावयाचे होते, ते वेल्समध्ये कराच्या धाकाने घडविण्याचा यत्न चालू आहे. ज्याचे घर रमणीय पण आडवळणी आहे, त्या शेतकऱ्याला ही अट जाचते. ज्या गावाला हिवाळ्यातही दिवे हवे आहेत, त्याला ती न्याय्य वाटते. दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे, आणि एकच आकडा दोघांचे समाधान करू शकत नाही, हेही तितकेच खरे.

मराठी कुटुंबांना ह्या पंचांगाचा एक व्यावहारिक उपयोग आहे. मुंबई-पुण्याहून, तसेच बडोदे, इंदूर किंवा बंगळूरहून ब्रिटनमधील मुलांकडे जाणारे आईवडील बहुधा मे-जूनमध्ये जातात, कारण इकडे उन्हाळा असतो. तिकडे त्या वेळी शाळा चालू असतात. मेअखेरचा मधला सुटीचा आठवडा टाळला, तर वर्षातील सर्वांत लांब दिवस त्यांना ऑगस्टहून पुष्कळ कमी भाड्यात मिळतात. नातवंडे मात्र शाळेत असतील, आणि ती बरोबर हवी असतील, तर आजीआजोबांनाही इतरांप्रमाणेच ऑगस्टची वाट पाहावी लागेल.

सुटी म्हणजे मनाला येईल तेव्हा मोकळे होणे, अशी सर्वांची कल्पना असते. ब्रिटनमधील सुटीघरांचा हिशेब सांगतो की, बहुसंख्य माणसे मोकळी होतात ती दुसऱ्याने ठरविलेल्या तारखेस. एके काळी ती तारीख गिरणीचा भोंगा सांगे, आज शाळेची घंटा सांगते. त्या तारखेभोवती भाडे चढते, रस्ते तुंबतात आणि किनाऱ्यावरील गावांचे वर्ष सहा आठवड्यांत आक्रसते. ती गर्दी पसरविण्याचे यत्न सहा दशकांहून अधिक काळ चालू आहेत. ते कितपत फळले, हे ऑगस्टमधील किनाऱ्यावर जाऊन कळावयाचे नाही. त्यासाठी नोव्हेंबरच्या एखाद्या संध्याकाळी त्याच गावातून फेरी मारून किती खिडक्यांत दिवा आहे, ते पाहिले पाहिजे.